मळीचा हिशेब



उसाच्या भावावर आपण दर हंगामात बोलतो. आज मळीवर बोलू. अंकुशनगरला घाला की तीर्थपुरीला, टनामागे ३० ते ४० किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी निघतेच. एकरी ४० टन ऊस गेला तर सव्वा ते दीड टन मळी झाली. स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब तीत भरपूर.

पण ताजी मळी रानात पसरू नका. तीत मेण असते, साखरेचा अंश असतो. ओल लागली की ती तापते, आणि कुजवणारे जिवाणू पिकाच्या तोंडचा नत्र खातात. पीक पिवळे पडते, आपण युरियाची गोणी आणायला धावतो. तेच जिवाणू आधी ढिगात कामाला लावायचे. लांब ढीग घाला, संवर्धक मिसळा (मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ते तयार होते), ओल टिकवा, ढीग उलटापालटा करत राहा. आत उष्णता ६० अंशांवर जाते, तणाचे बी तिथेच मरते. दीड-दोन महिन्यांत ढीग थंड होतो, त्याला मातीचा वास येतो. हात घातल्यावर चटका बसला तर ते खत नव्हे, कोणी कितीही छापील पिशवीत देवो.

काही ठिकाणी आसवनीचे स्पेंटवॉश या ढिगावर शिंपडतात. २००३ च्या केंद्रीय सनदेनंतर ते नदीनाल्यात सोडता येत नाही. त्यात पालाश असतो, तसे क्षारही. जायकवाडीच्या कालव्याखालची आपली काळी जमीन आधीच निचऱ्याला मंद. म्हणून असे खत घेताना क्षारतेचा तपासणी दाखला मागा.

आता पैशाचे. २०१२ साली रंगराजन समितीने साखरेबरोबर बगॅस, मोलॅसिस आणि मळी हिशेबात धरून ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा सांगितला. महाराष्ट्राचा ऊस दराचा कायदा २०१३ चा. २०१८ पासून ‘सतत’ योजनेमुळे मळीपासून जिवाणूंकरवी मोटारीचा गॅस काढण्याला जोर आला आणि काल फुकट उचला म्हणणाऱ्या मळीला गिऱ्हाईक मिळाले. आमचा गॅसला विरोध नाही. गॅसमध्ये कर्ब जातो, स्फुरद मागच्या गाळातच राहतो. तो गाळ, घातलेल्या उसाच्या प्रमाणात, आधी उत्पादकाच्या रानात परत आला पाहिजे आणि मळीची विक्री कोणत्या भावाने झाली ते हिशेबात दिसले पाहिजे.

वार्षिक सभेत हे दोन्ही प्रश्न लेखी द्या. अर्जाचा नमुना आम्ही लिहून आणला आहे, जाताना घेऊन जा.