कायदा साच्यावर आहे तोवर बघा!
(नागपूर येथे गिरणी कामगारांच्या सभेत झालेले भाषण)



पाळी सुटल्याबरोबर, रिकामा डबा हातात घेऊन तुम्ही इथे आलात. म्हणून फार लांबण लावत नाही. तुमच्याच खात्यातली गोष्ट सांगतो.

साच्यावर धागा तुटला तर विणकर काय करतो? साचा थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे चालू लागतो. तीच चूक घडी खात्यात सापडली तर? ठाण खराब, आणि बोलणी खायची विणकराने! विधेयक म्हणजे साच्यावरचे कापड. कायदा म्हणजे घडी होऊन गेलेले ठाण. आणि आम्हाला दाखवतात केव्हा? घडी झाल्यावर!

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. कारखान्यातले रोजचे काम ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेता येईल. तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास होईल. कामगाराची लेखी संमती घ्यायची, असेही त्यात आहे. ठीक आहे. पण बदली कामगाराने मुकादमापुढे ‘नाही’ म्हणायचे कसे, हे मंत्रालयाला कोण सांगणार? ते तुम्हीच सांगू शकता. पण त्यासाठी मसुदा आधी तुमच्या हातात पडायला हवा ना!

कुणी म्हणेल, ‘सांगून काय होते हो?’ होते, गड्यांनो. दाखला याच नागपूरचा घ्या. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मुंबईत मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ते इथल्या अधिवेशनात पुन्हा आले. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने लोकांच्या सूचना मागवल्या, आणि बारा हजारांवर सूचना आल्या! तपास फौजदाराऐवजी पोलीस उपअधीक्षकाकडे गेला. सल्लागार मंडळाची रचना बदलली. उद्देशाचे शब्द बदलले. मग जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. हा कायदाच नको म्हणणारे पुष्कळ होते, त्यांचे समाधान झाले नाही. पण छापलेले शब्द हलतात, एवढे तरी दिसले. आता आमचा पुढचा सवाल: ज्याने सूचना पाठवली त्याला तिचे काय झाले, घेतली की टाकली आणि का टाकली, हे कळायला नको?

७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या गिरणी कामगारांनी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यात पुढे होते. तो कायदा टळला नाही. पण तेव्हा वर इंग्रजांचे राज्य होते. १ मे १९६० ला मराठी माणसाचे राज्य झाले, ते कशासाठी? नुसता नकाशा रंगवण्यासाठी नव्हे! आपला कायदा आपल्या भाषेत, आपल्याला विचारून व्हावा म्हणून. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचे ठरले, तेही सरकार लोकांच्या दारी यावे म्हणूनच ना? २०२४ चे हिवाळी अधिवेशन चालले सहा दिवस! सहा दिवसांत सरकार दारापर्यंत येते, घरात काय बघणार? तुमच्यात वेगळा विदर्भ मागणारेही बसले आहेत. त्यांनाही सांगतो, राज्य एक असो की दोन, मसुदा आधी दाखवा ही मागणी दोन्हीकडे लागेल.

आमचे मागणे चार ओळींचे आहे.

एक: कामगारांसंबंधीचे प्रत्येक विधेयक मांडण्याआधी निदान तीस दिवस सोप्या मराठीत जाहीर करा. केंद्राने ५ फेब्रुवारी २०१४ ला आपल्या खात्यांसाठी तीस दिवसांचे धोरण ठरवले. मग महाराष्ट्राने मागे का राहावे?

दोन: मसुदा गिरणीच्या फाटकावर लावा.

तीन: नागपुरात सुनावणी घ्या, तीही पाळी सुटल्यावर.

चार: आलेल्या सूचनांचा निकाल कारणांसह छापा.

आणि आपले काम? प्रत्येक खात्याने दोन वाचणारे निवडा. त्यांनी मसुदा आणावा, जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे दुसऱ्याने लिहून घ्यावे, खाली अंगठा चालेल. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा आता वाजत नाही. आता आपणच भोंगा व्हायचे, आणि ठाण घडी होण्याआधी वाजायचे!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!