अर्ध्या मिलिमीटरची चाकोरी

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. हाताच्या पंज्यात मावणाऱ्या छोट्या आगगाडीच्या इंजिनाची चाकं बदलून ते जास्त बारीक, जास्त नेमक्या मापाच्या रुळांवर कसं चालवतात, त्याबद्दल मी बोलणार आहे. हा छंद मुख्यतः ब्रिटनमधला. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, मुलांच्या सहलीबरोबर काही जणींनी ते पाहिलंही असेल. आज बोलायचं आहे ते त्याहूनही लहान गाड्यांबद्दल. मग आपण ते कशाला ऐकायचं? माप म्हणजे काय, ते कोण ठरवतं आणि एकटीनं पाळून ते का चालत नाही, हे या चिमुकल्या चाकांत फार स्वच्छ दिसतं, म्हणून.

सुरुवात बैलगाडीपासून करू. कच्च्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन दोन खोल रेघा पडतात. त्यांना आपण चाकोरी म्हणतो. गावातल्या सगळ्या गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर जवळपास सारखं असतं, म्हणून एकाची चाकोरी दुसऱ्याला चालते. कमी-जास्त रुंदीची गाडी आली, तर तिचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं वर, आणि गाडी कलंडायला लागते. रेल्वेच्या दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. ती लोखंडी चाकोरीच.

सोलापूर, लातूर, पंढरपूरकडच्या थोरल्या बायकांना बार्शी लाईट आठवत असेल. १८९७ साली सुरू झालेली ती छोटी गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर धावायची. कुर्डुवाडीला मोठी लाईन लागायची, तिचं गेज १६७६ मिलिमीटर. छोटा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नव्हता. म्हणून माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा आणि माणसांना बोचकी घेऊन गाडी बदलावी लागायची. पुढं ती लाईन मोठी केली, तेव्हा रूळ, पूल, फलाट, डबे, इंजिनं सगळंच बदलावं लागलं. नुसते रूळ सरकवून भागलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता ब्रिटनकडे जाऊ. तिथल्या खऱ्या रेल्वेचं गेज १४३५ मिलिमीटर आहे. बाजारात तयार मिळणारी एक लोकप्रिय छोटी आगगाडी ९ मिलिमीटरच्या रुळांवर चालते. इंजिनाचा आकार मात्र खऱ्या इंजिनाच्या १४८ व्या भागाएवढा असतो. हिशेब करून बघा. १४३५ ला १४८ ने भागलं, तर रुळांमधलं अंतर ९.७ मिलिमीटर यायला हवं. म्हणजे रूळ जरा अरुंद झाले. असं का झालं? युरोपात हीच गाडी १६० व्या भागाएवढी करतात आणि १४३५ ला १६० ने भागलं की बरोबर ९ येतात. पण ब्रिटनची खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगानं लहान. १६० व्या भागाएवढी केली, तर आत मोटर मावायला अडचण. म्हणून इंजिनाचं अंग थोडं वाढवलं आणि रूळ आहेत तेच ठेवले. मुलाला मोठा सदरा शिवला, चप्पल मात्र जुनीच ठेवली, तसं. त्याच्या वरच्या मापाच्या छोट्या गाड्यांतही हेच झालं. तिथं १८.८३ मिलिमीटर हवे होते आणि रूळ राहिले १६.५ मिलिमीटरचे.

काही हौशी लोकांना हे बघवेना. त्यांनी ठरवलं की खऱ्या एका फुटाला आपण २ मिलिमीटर धरायचे. म्हणजे सगळं खऱ्याच्या साधारण १५२ व्या भागाएवढं. मग रुळांमधलं अंतर येतं ९.४२ मिलिमीटर. बाजारातल्या ९ मिलिमीटरच्या रुळांपेक्षा हे किती जास्त? अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. वहीचे चार कागद एकावर एक ठेवा, जवळपास तेवढंच. तुम्ही म्हणाल, चार कागदांसाठी एवढा खटाटोप?

खरी गोष्ट रुळांत नाहीच, ती चाकांत आहे. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूला एक उंच कड असते, तिला फ्लँज म्हणतात. ती कड चाकाला रुळावरून घसरू देत नाही. खऱ्या चाकाची कड साधारण २८ ते ३० मिलिमीटर उंच असते. १५२ ने भागली, तर ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन कागद. खेळण्यातल्या गाडीची कड याच्या कितीतरी पट खोल ठेवतात, कारण मुलं रूळ जमिनीवर अंथरतात, वाकडेतिकडे जोडतात, तरी गाडी पडू नये. पण कड जाड आणि खोल झाली, की रूळ जिथं एकमेकांना छेदतात त्या सांध्याच्या जागी तिला जायला फट मोठी ठेवावी लागते. फट मोठी झाली, की चाक त्या फटीत पडतं. पडू नये म्हणून चाक रुंद करावं लागतं. रुंद चाक दिसायला बेढब. एक गोष्ट ढिली ठेवली, की तिच्यासाठी दुसरी ढिली, दुसरीसाठी तिसरी.

बारीक मापाची मंडळी ही साखळी उलट फिरवतात. चाकाची कड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणतात, सांध्यातली फटही तेवढीच बारीक ठेवतात आणि चाक अरुंद करतात. शिवाय एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर नेमकं ८.५१ मिलिमीटर ठेवतात. बाजारातल्या गाडीत ते साधारण साडेसात मिलिमीटर असतं. म्हणजे प्रत्येक चाक अर्धा मिलिमीटर बाहेर सरकलं. चाकांची सगळी चाकोरी या एका आकड्यावर उभी आहे.

आता प्रत्यक्ष काम कसं करतात ते पाहू. सुरुवात इंजिनापासून करायची नाही, मालडब्यापासून करायची. मालडब्याचा आस दोन्ही टोकांना टोकदार असतो आणि नुसता खोबणीत बसलेला असतो. बोटांनी हलकेच ताण दिला, की जुना आस निघतो आणि नवा बसतो. त्यात हात तयार होतो.

नंतर डिझेल इंजिन. आधी ते जुन्या रुळांवर चालवून मोटरचा आवाज ऐकतात. मोटरच कुरकुरत असेल, तर चाकं बदलून काय होणार? खालची पट्टी काढली, की चाकं आसासकट बाहेर येतात. आसावर एक चिमुकलं दातेरी चक्र असतं. नव्या आसावरच्या चक्राला तेवढेच दाते हवेत. मग विजेकडे लक्ष द्यायचं. या गाड्यांना वीज रुळांमधून चाकात आणि चाकातून मोटरकडे जाते. चाकाच्या पाठीला एक पातळ धातूची पट्टी घासत असते. चाक अर्धा मिलिमीटर बाहेर गेलं, तर पट्टी त्याला टेकत नाही आणि इंजिन गप्प बसतं. पट्टी चिमट्यानं अलगद बाहेर वाकवावी लागते. फार वाकवली, तर ती ब्रेकसारखी दाबते. शिवाय दोन रुळांतली वीज एकमेकींना भेटता कामा नये. म्हणून दोन चाकांच्या मध्ये कुठं तरी वीज न जाणारा तुकडा लागतो. तो नसेल, तर शॉर्ट.

सगळ्यांत अवघड वाफेच्या इंजिनाचं. त्याची मोठी चाकं बाहेरच्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. इथं पायानं चालवायचं शिलाई मशीन आठवा. पायडल नेमकं एका ठिकाणी थांबलं, तर कितीही दाबा, चाक हलत नाही. हातानं चाकाला थोडा धक्का द्यावा लागतो. रुळावरच्या इंजिनाला असा धक्का कोण देणार? म्हणून एका बाजूची दांडी त्या अडलेल्या ठिकाणी असेल, तेव्हा दुसऱ्या बाजूची ऐन जोरात असावी, अशी दोन बाजूंची चाकं एकमेकांपासून पाव फेरा पुढं-मागं बसवतात. चाकं बदलताना हा पाव फेरा प्रत्येक आसावर अगदी सारखा यावा लागतो. एक आस किंचित जरी चुकला, तरी दांड्या अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं. मापाचं चाक तयार मिळत नसेल, तर जुनंच चाक लेथवर लावून त्याची कड खरवडतात, नाहीतर चाकांचा सगळा सांगाडा नव्यानं बनवतात.

मोजायचं कसं? दर वेळी मोजपट्टी लावून आकडा वाचत नाहीत. ८.५१ मिलिमीटर रुंदीचा धातूचा एक ठोकळा असतो. तो दोन चाकांच्या मध्ये सरकला पाहिजे आणि हलला नाही पाहिजे. धान्य अंदाजानं न घालता मापट्यानं घालतो, तसंच. मग तो एकटा आस बोटानं ढकलत सांध्यातून नेऊन बघतात. तो न अडखळता गेला, तरच इंजिनात घालतात.

हे काम करण्याआधी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली, परतीची वाट. लेथवर खरवडलेली कड पुन्हा वाढत नाही. इंजिन वडिलांनी किंवा आजोबांनी दिलेलं असेल, तर घरातल्यांना विचारावं. जुनी चाकं काढून दुसरी बसवली असतील, तर जुनी पुडीत बांधून, वर नाव लिहून ठेवावीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चाकं बदललेलं इंजिन जुन्या रुळांच्या सांध्यावर आलं, की मोठ्या फटीत पडतं. जुनं इंजिन नव्या बारीक सांध्यात शिरतच नाही. म्हणजे एकच इंजिन सुधारलं, तर ते ना इकडचं ना तिकडचं. रूळ, डबे, सांधे सगळं बरोबर बदलायचं, नाहीतर थांबायचं. शिवाय बारीक कड चुका पोटात घालत नाही. रूळ सपाट हवा, वळण सौम्य हवं, केस किंवा धुळीचा कण पडलेला नको.

मग एकटा माणूस हे सगळं करणार कसं? कारखानदाराला एवढ्या थोड्या लोकांसाठी चाकं काढणं परवडत नाही. म्हणून १९६० साली ब्रिटनमध्ये या हौशी लोकांनी आपली संघटना काढली, टू एमएम स्केल असोसिएशन. वर्गणी भरायची, सभासद व्हायचं. मापं संघटनेनं लिहून ठेवली. त्या मापाची चाकं, आस, रुळाचे भाग संघटना बनवून घेते आणि सभासदांना विकते. दुकान सभासदच सांभाळतात, आपल्या फावल्या वेळात. मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतं ना? आपल्या बचत गटाचंच भावंड आहे हे. या मापाची रेल्वे लंडनच्या एका जुन्या मंडळानं मिळून उभारली आहे. लंडनच्या उत्तर भागातला रेल्वेचा एक परिसर त्यांनी घरं, बाजार, पुलांसकट केला आहे. कोपनहेगन फील्ड्स तिचं नाव. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या त्या कामाला कित्येक वर्षं कितीतरी हात लागले. त्या सगळ्या हातांचे डबे एकाच रुळावर धावतात, कारण सगळ्यांचं माप एक.

माप सगळ्यांनी मानलं, की न भेटलेली माणसंही एकमेकांच्या कामाला येतात. आपण दुकानात जाऊन ‘दोन-चार’च्या बांगड्या मागतो. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. बांगडी करणाऱ्या कारागिरानं आपला हात कधी पाहिलेला नसतो, तरी बांगडी बरोबर चढते. हे माप कुणी एकटीनं ठरवलेलं नाही आणि कुणी एकटीनं मोडून चालणार नाही.

तेव्हा आपल्या गटात पापड असोत, पिशव्या असोत की शाळेचे गणवेश, एकीचा माल बारीक आणि बाकीच्यांचा ढिला असं झालं, तर दोष कुणा एकीचा नसतो, ठोकळा ठरवलेला नसतो. पुढच्या बैठकीत तेवढं एक काम करा. आपल्या मालाचं माप सगळ्या मिळून ठरवा, ते लिहून ठेवा आणि त्या मापाची एक वस्तू गटाच्या पेटीत ठेवा. पापडाला कडी, पिशवीला पुठ्ठा, काहीही चालेल. नवी बाई आली, की तिच्या हातात आधी ती द्या. बारीक काम करायचं की जाडंभरडं, हे आपल्या गिऱ्हाइकावर आणि आपल्या वेळेवर ठरवा. पण जे ठरेल ते सगळ्यांचं असू द्या.