परसबागेतली मांजरं

परभणीत परसात मेथी-कोथिंबिरीचा वाफा नव्यानं केला, की दोनच दिवसांत शेजारची मांजर तिथं उकरून घाण करून जाते. तिला मऊ, कोरडी, भुसभुशीत माती हवी असते आणि आपण नेमकी तीच करून ठेवतो.

म्हणून उपायही मातीपासूनच सुरू करायचा. बी टाकलं की वाफ्यावर तुराट्या किंवा पराट्या आडव्या-उभ्या अंथरा. दोन काड्यांत चार बोटांचं अंतर पुरे. उकरायला मोकळी जागा उरत नाही आणि कोंब मात्र फटीतून वर येतो. संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा, ओल्या मातीत मांजर सहसा बसत नाही. डांबरगोळ्या आणि फिनेल मात्र नकोच, दोन्ही मांजरांना विषारी आहेत.

घाण दिसली तर रोजच्या रोज काढा. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो. तो बाहेर पडल्यावर साधारण 1 ते 5 दिवसांनी संसर्गक्षम होतो आणि पुढं मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गरोदर बायकांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं. बाकीच्यांनी हातमोजे घालावेत, भाजी खळखळून धुवावी.

शेजाऱ्यांशी भांडू नका. घमेलंभर वाळू त्यांच्याच अंगणात ठेवायला सांगा, मांजराची नसबंदी सुचवा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करता येईल. आणि मांजराला दगड मारू नका, विष तर मुळीच घालू नका. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे.