टीममधला पाचवा कोण?

भंडाऱ्यावरून बोलतोय. आजचा विषय सरळ आहे. आम्ही चौघं मिळून जे कॉमिक करतोय, त्यातल्या टीमला पाचवा मेंबर पाहिजे आणि त्यावरून आमच्यात दोन आठवडे भांडण चालू आहे. एक म्हणतो उडणारा घ्या, दुसरा म्हणतो वाघाची ताकद द्या. माझं म्हणणं असं, की पॉवर मागून पाहू, आधी स्वभाव ठरवा.

काऊन? तर १९७५ सालची गोष्ट ऐका. मार्व्हलचं 'एक्स-मेन' थंडावलं होतं, कितीतरी वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापत होते. मग लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी नवी टीम आणली. केनियाची स्टॉर्म, रशियाचा कोलोसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन आणि अपाची जमातीचा थंडरबर्ड. हा थंडरबर्ड धिप्पाड, भडक डोक्याचा, कोणाचं ऐकायचं नाही असा. पण वुल्व्हरिन वेगळं काय करत होता? त्याच वर्षी ९५व्या अंकात थंडरबर्डला मारून टाकलं. पॉवर कमी पडली म्हणून नाही हो, त्याच्या स्वभावाची खुर्ची आधीच भरलेली होती म्हणून. (टीममधला एकुलता एक मूळ अमेरिकी आदिवासी, आणि बळी त्याचाच, हे मला खटकतंच. पण तो वेगळा एपिसोड होईल.)

आता उलटं उदाहरण. १९६५, 'अ‍ॅव्हेंजर्स'चा १६वा अंक. थॉर, आयर्न मॅन सगळे मोठे लोक टीम सोडून गेले. कॅप्टन अमेरिकाच्या हाती आले कोण, तर हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. तिघंही आधी व्हिलनच्या बाजूने लढलेले. हॉकआयकडे तर धनुष्यबाणाशिवाय काहीच नाही. पण तो उठसूट कॅप्टनला टोकायचा, तूच लीडर काऊन म्हणून. ताकदीच्या हिशोबाने टीम हलकी झाली, पण वाचायला लई मजेदार झाली.

आपल्याकडे राज कॉमिक्स वाचलेल्यांना हे सांगायला नको. ध्रुवजवळ जन्मजात पॉवर नाही, तो डोकं चालवतो आणि जीव घेत नाही. मुंबईचा डोगा सरळ गोळी घालतो. हे दोघं एका गोष्टीत आले की व्हिलन बाजूला राहतो, आपण यांचंच भांडण पाहत बसतो.

आता आमच्या टीमकडे या. एक विचारी लीडर, जो दिवसा पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहे. एक पहेलवान, एक रागीट आणि एक टिंगलखोर. गोष्ट ऑगस्ट २०२० च्या महापुरातली. वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती, ती रात्र इकडच्यांना सांगायची गरज नाही. आमचे चारही हिरो धडाधड पाण्यात उड्या मारतात, लोकांना वाचवतात, टाळ्या पडतात. वाचताना मला वाटलं, यात सगळे एकाच बाजूचे आहेत. थांबून विचारणारं कोणीच नाही.

वाघवाला उमेदवार 'जय'वरून सुचला. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला आणि २०१६ मध्ये गायब झालेला तो वाघ. मित्रांना लईच आवडला, मलाही आवडला. पण रागीट आमच्याकडे एक आहेच, मग याचा थंडरबर्ड होणार. त्याला स्वतःची वेगळी गोष्ट द्यावी, असं माझं मत.

माझी उमेदवार पवनीकडची धिवर समाजाची पोट्टी आहे. तिचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं. पॉवर शून्य. डोंगा चालवते, नदीचा रंग बघून पाणी वाढणार का ते सांगते. बोलते कमी, विश्वास लवकर ठेवत नाही. कोणी आश्वासन दिलं की 'कधी?' असं विचारते. तिच्या घरच्यांनी आजवर इतकी आश्वासनं ऐकलीत, की हा स्वभाव मला वेगळा शोधावा लागला नाही.

मित्र म्हणाले, "ही तर टीम फोडेल ना बे!" फोडू दे की. रोज लीडरच्या हो ला हो करणारे तिघं आहेतच.

तिच्या एन्ट्रीचं पान मी लिहिलंय. पूर ओसरलाय, गल्लीत चिखल आहे, चौघं फोटो काढतायत. ती डोंगा बांधते, लीडरसमोर येते आणि विचारते, "पाणी येणार हे तुमच्या ऑफिसात किती वाजता कळलं होतं, साहेब?"

त्याच्या उत्तराचा फुगा काढून ठेवलाय, पण आत काय लिहायचं यावर आमचं अजून जमलेलं नाही. एक मित्र म्हणतो, तो खोटं बोलेल. दुसरा म्हणतो, खरी वेळ सांगेल आणि नोकरी घालवून बसेल. तुम्हाला काय वाटतं, त्याची व्हॉइस नोट पाठवा. तिचं नावही सुचवा, पण 'जलपरी' नको बाप्पा, ते चार जणांनी आधीच पाठवलंय.