सावकाराची वही, अडत्याचा काटा आणि सर छोटूराम
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आज मी तुमच्यापुढे ज्या पुरुषाची हकीकत मांडणार आहे, तो आपल्या मुलखातला नव्हे आणि आपल्या भाषेचाही नव्हे. तो पंजाबातला, रोहतक जिल्ह्यातला. हा जिल्हा आता हरियाणात मोडतो. पानिपताचे नाव आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्या पानिपताला लागूनच हा मुलूख. पानिपतावर तलवारीची लढाई झाली. छोटूराम लढले ते वहीशी आणि तराजूशी. त्या लढाईत शेतकरी कोठवर जिंकला आणि कोण मागे राहिला, हे आज समजून घ्यावयाचे आहे.

रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी २४ नोव्हेंबर १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. जात जाट, म्हणजे तिकडला कुणबीच समजा. वडील सुखीराम हे लहान शेतकरी, आणि लहान शेतकरी म्हटला की कर्ज आलेच. मुलगा मिडल परीक्षा पास झाला, पुढे शिकवावे अशी बापाची इच्छा. म्हणून बापलेक सांपल्याच्या सावकाराकडे पैसे मागावयास गेले. तेथे सावकाराने बापाला पंखा ओढावयास सांगितले, अशी गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. सावकाराचा स्वतःचा मुलगा जवळच बसलेला, आणि पंखा ओढावयाचा तो पोटच्या पोरादेखत, वडीलधाऱ्या कुळाने! मंडळी, आपल्या वाडवडिलांनीही असे पंखे पुष्कळ ओढले आहेत. कोणी सावकाराच्या वाड्यात लाकडे फोडली, कोणी त्याचे अंगण सारवले, आणि त्या मेहनतीचा एक पैसाही खात्यावर जमा झाला नाही.

त्या पोराने रागाच्या भरात काठी उचलली नाही. तो शिकला. दिल्लीच्या मिशन शाळेत गेला, सेंट स्टीफन्स कॉलेजातून १९०५ साली बी. ए. झाला. पैशाची अडचण पडली तेव्हा कलकत्त्यास व्यापार करणारे शेठ छाजूराम यांनी हात दिला. पुढे आग्र्यास कायद्याचा अभ्यास करून छोटूराम वकील झाले आणि रोहतकास वकिली करू लागले. वकील झालेला शेतकऱ्याचा मुलगा बहुधा शहरात बंगला बांधतो आणि गावाकडे पाठ फिरवितो. छोटूरामांनी तसे केले नाही. रोहतकास जाटांची शाळा उभी करण्यात त्यांनी हात घातला, आणि १९१६ साली ‘जाट गॅझेट’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्यात ‘बेचारा जमीनदार’ या नावाने त्यांनी लेखमाला लिहिली. तेथे ‘जमीनदार’ म्हणजे गादीवर बसणारा जहागीरदार नव्हे. स्वतःच्या तुकड्यावर राबणाऱ्या शेतकऱ्यालाच पंजाबात जमीनदार म्हणत. या शेतकऱ्याला ते दोनच गोष्टी पुन्हापुन्हा सांगत: एक, बोलावयास शीक, दुसरी, आपला वैरी कोण ते ओळख.

१९१६ पासून ते रोहतक जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९२० साली असहकाराची चळवळ आली तेव्हा ते काँग्रेसमधून बाहेर पडले. साराबंदीपर्यंत गोष्ट गेली तर जमीन जाईल ती शेतकऱ्याची, अशी त्यांची धास्ती होती. या निर्णयाबद्दल, आणि पहिल्या महायुद्धात सरकारला सैन्यभरतीसाठी मदत केल्याबद्दल, त्यांना सरकारधार्जिणे म्हणणारे पुष्कळ होते. पुढे १९३७ साली त्यांना ‘सर’ ही पदवीही मिळाली. हा आक्षेप मी लपवीत नाही. ज्याने त्याने तो तोलावा. पण तोलताना पारड्यात त्यांचे पुढले कामही घालावे.

ते काम समजण्यासाठी पंजाबची स्थिती ऐका. माल्कम डार्लिंग नावाच्या इंग्रज अंमलदाराने १९२५ साली पंजाबच्या शेतकऱ्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या हिशेबाप्रमाणे जमिनीच्या शंभर मालकांपैकी बिनकर्जी असे जेमतेम सतरा. बाकीचे सगळे कोणाच्या ना कोणाच्या वहीत अडकलेले. आपल्याकडे तरी काय निराळे होते? १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी त्यांनी मुख्यतः खते, रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. आपल्या गळ्यातला फास कागदाचा आहे, हे त्या निरक्षर माणसांना नेमके कळले होते. त्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

पंजाबात १९०० साली जमीन हस्तांतराचा कायदा झाला: सरकारने ‘शेतकरी जाती’ म्हणून जी यादी केली, त्या जातींची जमीन बाहेरच्याने कायमची विकत घ्यावयाची नाही. पण कायद्याला जितकी दारे, तितक्याच खिडक्या. सावकार दुसऱ्याच्या नावाने, बेनामी, जमीन घेऊ लागले. शेतकरी जातीतच नवे सावकार निपजले. आणि वाण्याने कापले काय किंवा भाऊबंदाने कापले काय, मान एकच!

१९२३ साली मियां फझल-इ-हुसेन आणि छोटूराम यांनी युनियनिस्ट पक्ष काढला. त्यात मुसलमान, हिंदू व शीख असे तिन्ही धर्मांचे जमीनवाले होते. सावकारांना आळा घालणारे एक बिल १९२६ साली कौन्सिलात मंजूर झाले, तर गव्हर्नराने संमतीच दिली नाही. तरी या मंडळींनी पिच्छा सोडला नाही. एकामागून एक जे कायदे झाले, त्यांतील मतलब आपल्या घरगुती भाषेत सांगतो.

१९३० च्या कायद्याने सावकारावर बंधन आले, की प्रत्येक कुळाचा हिशेब निराळा ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा उतारा कुळाच्या हाती द्यावा. म्हणजे वही झाकून ठेवण्याची सोय संपली.

१९३४ च्या कायद्याने कर्जाची तडजोड करणारी मंडळे नेमण्याची तरतूद झाली, आणि आपल्याकडे ज्याला ‘दामदुप्पट’ म्हणतात तो दंडक तेथे लागू झाला: मुद्दलाच्या दुपटीवर वसुली नाही.

१९३७ च्या निवडणुकीत युनियनिस्ट पक्षाने १७५ पैकी निम्म्याहून अधिक जागा जिंकल्या. सर सिकंदर हयात खान मुख्य प्रधान झाले आणि छोटूराम मंत्री. मग कामाला वेग आला. १९३८ साली सावकारांच्या नोंदणीचा कायदा झाला. परवाना नाही तर कोर्टात दावा नाही. बेनामी व्यवहारांच्या खिडक्याही त्याच साली बंद करण्यात आल्या. आणि त्याच साली गहाण जमिनी परत देणारा कायदा आला. ८ जून १९०१ पूर्वी गहाण पडलेली आणि तोवर न सुटलेली जमीन. सावकाराने तिच्यातून दुप्पट मुद्दलाइतके उत्पन्न खाल्ले असेल, तर मालकाने एक पैही न देता ती परत घ्यावी. आजोबाने अंगठा उठविला होता, आणि नातवाने कलेक्टरकडे अर्ज करून शेत सोडविले!

१९३९ साली बाजार समित्यांचा कायदा झाला. शेतमाल बाजारात नेला म्हणजे काय होते, ते तुम्हांला मी काय सांगावे? कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय. कधी काट्यात खोट, कधी रुमालाखाली बोटे धरून ठरविलेला भाव, जो मालकालाच कळत नाही! पिकविणारा उभा, आणि भाव ठरविणारे बसलेले. पंजाबच्या त्या कायद्याने अडत्या, दलाल, तोलारी यांना परवाने लावले, मनमानी कापाकापीला बंदी केली आणि बाजार समितीत दोन तृतीयांश जागा शेतकऱ्यांना दिल्या. योगायोग असा, की मुंबई इलाख्यातही बाजार समित्यांचा कायदा १९३९ सालचाच आहे.

सावकार व व्यापारी या कायद्यांना ‘काळे कायदे’ म्हणत. त्यांनी हरताळ पाडले, सभा भरविल्या. शेतकरी त्यांनाच ‘सोनेरी कायदे’ म्हणत आणि छोटूरामांना ‘दीनबंधू’. हे नाव ऐकून आपल्याला कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास काढलेल्या ‘दीनबंधू’ पत्राची आठवण होणारच.

आता राजकारणाची एक गोष्ट. १९४४ साली जिना साहेबांनी पंजाबच्या मंत्रिमंडळाला मुस्लिम लीगचे नाव लावण्याचा प्रयत्न केला. मुख्य प्रधान खिजर हयात आणि छोटूराम यांनी तो मोडून काढला. जाट हिंदू असो, मुसलमान असो की शीख असो, त्याचे शेत एक, कर्ज एक, बाजार एक, ही त्यांची भूमिका. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरास त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या वाट्याला मूठभर जागा आल्या, आणि १९४७ साली पंजाबची फाळणी झाली. ज्या कुळांच्या जमिनी कायद्याने सुटल्या, त्यांतील किती कुळे त्या जमिनीवर राहू शकली नाहीत! पोटाची एकी बांधावयास वीस वर्षे लागली, आणि धर्माच्या नावाने ती दोन वर्षांत उसवली.

येथपर्यंत शेतकरी बंधू खुषीने माना डोलवीत आहेत. आता कारागीर बंधूंच्या वतीने एक प्रश्न मला विचारावाच लागतो. १९०० च्या कायद्यात ‘शेतकरी जातीं’ची जी यादी होती, तीत कोण नव्हते? अस्पृश्य मानलेल्या जाती नव्हत्या. लोहार, सुतार यांसारख्या गावकामगार जातीही बहुतेक ठिकाणी नव्हत्या. ज्याने नांगर घडविला, ज्याने मोट शिवली, ज्याने बांधावर मजुरी केली, तो कायद्याच्या दृष्टीने ‘बिगरशेतकरी’ ठरला. सावकाराला अडविण्यासाठी घातलेले कुंपण त्यालाही आड आले. चार पैसे गाठीला बांधून शेत घ्यावे म्हटले, तर जमीनवाल्या जातींची जमीन त्याला मिळेना. छोटूरामांनी त्या कायद्याचा कैवार घेतला, तो आणखी घट्ट केला. पण ती यादी मात्र जातीचीच राहिली. सावकाराची वही त्यांनी उघडली, गावातली ही दुसरी वही मिटलेलीच ठेवली. स्वातंत्र्यानंतर नवी राज्यघटना आली आणि तो कायदा गेला.

हे मी थोर पुरुषाला उणे दाखविण्यासाठी सांगत नाही. जे त्यांनी केले ते डोक्यावर घ्यावे, जे राहिले ते आपण पुरे करावे, एवढ्यासाठी सांगतो. कुणब्याने ‘आमचे कर्ज’ म्हणावे आणि चांभार-मांगाच्या कर्जाला ‘त्यांचे कर्ज’ म्हणावे, तर सावकाराला दुसरे काय हवे?

२०१८ साली सांपल्यात छोटूरामांचा चौसष्ट फुटी पुतळा उभा राहिला. पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. आपला कागद आपण वाचणे अवघड आहे. आपल्या महाराष्ट्रातही २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे त्यात गुन्हा आहे, आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळण्याची वाटही त्यात आहे. पण कायदा काही आपण होऊन दार ठोठावीत येत नाही.

म्हणून घरी गेल्यावर इतके करा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. पैसे भरले की पावती मागा. लाजू नका, पावती ही भीक नव्हे. बाजारात माल नेलात तर वजन डोळ्यांनी पाहा आणि हिशेबपट्टी जपून ठेवा. बाजार समितीच्या निवडणुकीत मत जातभाईला नव्हे, काटा सरळ ठेवणाऱ्याला द्या. आणि घरच्या लेकीसुनेला हा हिशेब वाचावयास शिकवा; कारण धनी गेल्यावर वही तिच्याच दारात येते.

सुखीरामाने पंखा ओढला, कारण त्याला वही वाचता येत नव्हती. त्याच्या मुलाने वही वाचली आणि हजारो बापांच्या हातची दोरी सोडविली. तुमच्या घरात वही वाचणारे आज कोण आहे, हे आजच्या रात्री चुलीपाशी बसून एकमेकांस विचारा.