रेल्वेच्या इंजिनावर मुमताज काझी
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला ‘मुलींचे शिक्षण’ हा विषय दिला होता. इल्म हासिल करणे मर्द आणि औरत दोघांवर फर्ज आहे, हे आपल्या प्रत्येक जलशात सांगितले जाते. सगळे माना डोलावतात. पुढे दहावीचा निकाल लागतो, आणि घरात मुलीविषयी जी चर्चा होते ती मात्र वेगळ्याच सुरात होते. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून मी एका बाईच्या नोकरीविषयी बोलणार आहे. त्या बाई म्हणजे मुमताज काझी.

मुमताजबाई मुंबईच्या. एका मुस्लिम कुटुंबात वाढलेल्या. सांताक्रूझच्या शेठ आनंदीलाल पोदार हायस्कुलातून १९८९ साली त्या शाळा पूर्ण करून बाहेर पडल्या. वडील रेल्वेतच नोकरीला होते. मुलीने इंजिन चालवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करायचे ठरवले, तेव्हा पहिला विरोध त्यांचाच झाला. त्यांनी तिला वैद्यकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करण्यास सांगितले. वृत्तपत्रांत ही हकीकत येते तेव्हा वडिलांना जुन्या विचारांचे ठरवून लेखक मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्याने रेल्वेत आयुष्य काढले आहे त्याला इंजिनावरचे काम काय असते हे कोणी सांगावे लागत नाही. अवेळी बोलावणे येते, रात्र-रात्र जागरण होते, रुळावर कोणी आडवे आले तर ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. अशा जागी आपली मुलगी जाऊ नये असे बापाला वाटणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. पण त्यांच्या मित्रांनी आणि रेल्वेतील सहकाऱ्यांनी समजूत घातली आणि त्यांनी ती ऐकली. मुमताजबाई लेखी परीक्षा व मुलाखत उत्तीर्ण झाल्या आणि १९९१ मध्ये रेल्वेत रुजू झाल्या. डिझेल इंजिन चालवणारी आशियातील पहिली स्त्री म्हणून १९९५ साली त्यांची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली.

येथे एक खुलासा करतो, कारण वाद घालण्याची आपल्याला हौस फार. ‘आशियातील पहिली’ हे बिरुद साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनाही लावले जाते. त्या शेतकऱ्याच्या कन्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. मुमताजबाईंच्या आधी, १९८०च्या दशकाच्या शेवटी, त्या सहाय्यक चालक म्हणून इंजिनावर आल्या, २०११ साली महिला दिनी त्यांनी ‘डेक्कन क्वीन’ चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून ‘वंदे भारत’ मुंबईला आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ३६ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाल्या. इंजिनावर आधी आल्या त्या सुरेखाबाई, आणि मुमताजबाईंची नोंद आहे ती डिझेल इंजिनाची. दोघींचा मान दोघींना द्यावा.

डिझेल इंजिन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. पुष्कळांना वाटते की डिझेल जळते आणि त्या जोराने चाके फिरतात, जसे मोटारगाडीचे. तसे नाही. त्या काळी भारतभर धावणारे डब्ल्यूडीएम-२ जातीचे इंजिन घ्या. त्यात १६ सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे यंत्र असते, पण ते यंत्र फिरवते जनित्राला. जनित्रातून वीज निघते, ती चाकांच्या आसांवरील मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवतात. चालकाच्या हाती आठ टप्प्यांचा नियंत्रक असतो. घाईने टप्पे वाढवले तर चाके जागच्या जागी घसरतात. उतारावर ब्रेक कधी लावायचा आणि किती, यावर मागच्या शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. यात मनगटाच्या ताकदीपेक्षा डोळा, कान आणि डोके शाबूत असणे महत्त्वाचे. हा मर्दानी धंदा आहे असे म्हणणाऱ्यांनी यात मर्दानी नेमके काय ते सांगावे.

मुमताजबाईंना डिझेल आणि वीज दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येत. पुढे मध्य रेल्वेच्या लोकलवर मोटरवुमन म्हणून मुंबई ते ठाणे या मार्गावर त्यांनी काम केले. हा देशातील अत्यंत गर्दीचा मार्ग. लोकलच्या पुढच्या केबिनमध्ये माणूस एकटाच असतो, दुसरा असतो तो पार शेवटच्या डब्यात, आणि दोघांचे बोलणे घंटीने चालते: दोन ठोके म्हणजे निघा, एक ठोका म्हणजे थांबा. गाडी चालू असताना नियंत्रकाची मूठ दाबून धरलेली असावी लागते. चालकाला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. ८ मार्च २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते मुमताजबाईंना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी आपल्याकडे पुष्कळांनी वाचली. त्या आधीची पंचवीस वर्षे मात्र कोणाला फारशी ठाऊक नाहीत.

याहून जुने एक उदाहरण आहे. मद्रासच्या ए. ललिता यांचे लग्न पंधराव्या वर्षी झाले आणि अठराव्या वर्षी वैधव्य आले, पदरी चार महिन्यांची मुलगी. त्यांनी गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेला प्रवेश घेतला. १९४३ साली पदवी मिळाली तेव्हा प्रमाणपत्रावर पुरुषवाचकच सर्वनाम छापलेले होते, ते खोडून ‘ती’ असे करावे लागले. व्यावहारिक शिक्षण त्यांनी घेतले ते जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात. पुढे भाक्रा नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांचे काम त्यांच्या हातून झाले. इतक्या आधी एक विधवा आई कारखान्यात उभी राहू शकली, तर आपली अडचण नेमकी कोणती, हे प्रत्येक घराने आपापले तपासावे.

आता पालकांच्या प्रश्नांकडे येतो. अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. इंजिनात स्वच्छतागृह नसणे ही या कामातील स्त्रियांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. रात्रपाळी आहे. सणासुदीला सुट्टी मिळेलच असे नाही, रमजानची ईद असली तरी लोकल धावतेच. मुलीने हे जाणूनच निर्णय घ्यावा, आणि तो घेताना घरच्यांनी तिच्याबरोबर बसावे.

सहाय्यक लोको पायलटच्या पदाला दहावीनंतर आयटीआय किंवा अभियांत्रिकीची पदविका लागते. लेखी परीक्षांनंतर संगणकावर कलचाचणी होते आणि तिच्या प्रत्येक भागात उत्तीर्ण व्हावे लागते. सर्वांत कडक परीक्षा डोळ्यांची. चष्मा चालत नाही, चष्मा घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया केलेली असेल तरी चालत नाही, आणि रंग ओळखण्यात दोष असेल तर मार्ग तेथेच बंद होतो. तेव्हा वर्ष-दोन वर्षे अभ्यासात घालवण्यापूर्वी मुलीचे डोळे चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. चष्मा असेल तर निराश होऊ नका. तीन वर्षांच्या पदविकेवर कनिष्ठ अभियंत्याची जागा आहे आणि त्यातील अनेक विभागांत डोळ्यांचे निकष इतके कडक नाहीत.

पदविकेचे प्रवेश अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात आणि मुदत थोडी असते. दाखले आधीच काढून ठेवावेत. आणखी काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी मी येथेच आहे. मुलींनी स्वतः यावे, वडिलांना पुढे पाठवू नये.