ऐच्छिक म्हणजे कुणाच्या इच्छेनं?

(धाराशिव इथं विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी भाषणं करणारा माणूस नाही. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उतरवतो, रात्रपाळी नसली की कविता लिहितो. पण मूळचा इथलाच, भूम तालुक्यातला. त्यामुळं कॉलेजच्या फीच्या खिडकीपुढची रांग मला पाठ आहे. आज त्या खिडकीतून मिळणाऱ्या पावतीवरच बोलतो.

मी अकरावीला गेलो तेव्हा हातात दोन पावत्या आल्या. पहिली स्कॉलरशिपवाली, तिच्यात मला काही भरायचं नव्हतं. दुसरीवर लिहिलेलं: ऐच्छिक. स्नेहसंमेलन, वार्षिक अंक, जिमखाना. ३५० रुपये. क्लार्क म्हणाला, "बळजबरी न्हाई बरं का. तुझी मर्जी." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला मर्जी विचारली, आणि खिशात एस.टी.च्या भाड्यापुरते पैसे! आई-बापानं ऊसतोडीची उचल घेतली होती, ती आज्याच्या दवाखान्यात गेलेली. मी पावती परत सरकवली.

तरी अंकाला कविता दिली. सरांनी छापली. अंक वाटायच्या दिवशी शिपाई पावती बघून अंक देत होता. मी म्हटलं, माझी कविता आहे आत. तो म्हणाला, पावती आहे का? शेवटी एका दोस्तानं त्याच्या अंकातलं ते पान फाडून मला दिलं. बारावी अर्ध्यावर टाकून मुंबईला गेलो तेव्हा ते पान बरोबर होतं. आता घडीवर फाटलंय.

कॉलेजचं नाव सांगत नाही. एका कॉलेजचं भांडण नाही हे.

भांडण शब्दाचं आहे. १९४४ पासून चालत आलेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आपली पोरं त्या जोरावर शिकली. तिच्या जुन्या नियमावलीत शिकवणी फी आहे, ग्रंथालय आहे, आणि नावानिशी खेळ, युनियन, मासिकसुद्धा आहे. म्हणजे सरकारनंच कबूल केलेलं, की वर्गात बसणं एवढंच शिक्षण नाही. पण अट एक: फी सक्तीची पाहिजे. परत मिळणारी अनामत सरकार देत नाही, आणि ऐच्छिक तर नाहीच नाही.

आता बघा गंमत. जी फी सक्तीच्या रकान्यातून उचलून ऐच्छिकच्या रकान्यात टाकली, ती त्याच क्षणी स्कॉलरशिपमधून गळाली. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या पोरानं ती खिशातून भरायची, नाहीतर मांडवाबाहेर उभं राहायचं. आमच्या गोदीत जहाजाच्या कागदावर जो माल नाही, तो धक्क्यावर उतरत नाही. कुणी शिवीगाळ करत नाही, जात विचारत नाही. नुसतं कागदावर नाही.

सक्ती म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, आणि ते बरोबर आहे. येसकरी, वेठबिगारी आपल्या आज्या-पणज्यांनी केली. १९४१ साली इथल्याच कसबे तडवळ्यात बाबासाहेब महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले, ते त्याच जुलमाविरुद्ध. पण ही सक्ती वेगळी. ती कागदावर पोरावर आहे, पैसे मात्र सरकारला मोजायला लावते. ती काढून टाकली की मोकळं कोण होतं? सरकार.

आणि स्नेहसंमेलन म्हणजे नुसता नाचगाणा समजू नका. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. तिथले म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, १९५५ मध्ये पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. दलित रंगभूमीची गोष्ट सांगायची तर तिथनं सुरुवात करावी लागते. त्या पोरांना नाटकाची पावती दाखवा म्हटलं असतं तर?

दुसरी बाजू मी झाकत नाही. सक्तीची जिमखाना फी घेतात आणि जिमखान्याला कुलूप असतं. युनियनची तर काय कथा! १९९४ च्या कायद्यानं थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावरच. शिवाय स्कॉलरशिप नसलेला, पण आपल्यासारखाच फाटका पोरगा सक्तीनं भरडला जातो. त्याचा हप्ता करा, त्याला माफी द्या. त्याच्या नावाखाली आपल्याला बाहेर काढू नका.

'विद्यार्थ्याला निवड द्या' ही भाषा इथलीच नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारनं २०१९ मध्ये हेच केलं. विद्यार्थी संघटना, कॉलेजची वर्तमानपत्रं यांची फी ऐच्छिक केली. पोरं कोर्टात गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिंकली. श्रीमंत मुलुख आहे तो. तरी तिथंही पहिली कात्री लागली ती बोलणाऱ्यांच्या तोंडाला.

माझी धाकटी बहीण आता या जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ मध्ये आपली घरं जळली आणि १९९४ पर्यंत थांबावं लागलं, त्याच विद्यापीठाची पदवी तिला घ्यायचीय. परवा तिनं मोबाईलवर पावतीचा फोटो पाठवला. तेच तीन रकाने, वर तोच शब्द. खाली लिहिलं, "दादा, भरू का?"

पैसे होते माझ्याकडं. आठवड्याची हजेरी नुकतीच मिळाली होती. मी म्हटलं, भर, पण त्याआधी अर्ज दे. ही फी सक्तीच्या पावतीत का नाही, कुणाच्या आदेशानं काढली, लेखी सांगा.

तिनं अर्ज दिला. दोन मैत्रिणींनी खाली सह्या केल्या, एकीला तर स्कॉलरशिप लागूच नाही. क्लार्कनं अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर म्हणाला, सोमवारी या.

उद्या सोमवार आहे. मी रजा टाकून आलोय.